टाळेबंदीतलं निळं आकाश

मंडळी, इथे खमीस मुशैतला राहायला आलं की एक गोष्ट लवकरच कळते: धूळ कुणाचं ऐकत नाही. सुमारे २००० मीटर उंचीवरचं हे गाव, पण वारा फिरला की समोरचे डोंगर गायब! २३ मार्च २०२० पासून सौदीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लागली. रस्ते ओस पडले, धूळ मात्र यायची तेव्हा आलीच.

त्याच सुमारास मुंबईचे मित्र निळ्या आकाशाचे फोटो पाठवत होते. नवी मुंबईच्या खाडीतले गुलाबी रोहित तर घरोघरी पोचले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "निसर्ग बरा होतोय." मला प्रश्न पडला, नक्की काय बरं झालं?

युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहाने उत्तर दिलं. आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत मुंबई आणि दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे ४० ते ५० टक्के कमी झाला होता. हा वायू मुख्यत्वे इंजिनांतून आणि भट्ट्यांतून येतो आणि काही तासांतच हवेतून नाहीसा होतो. म्हणजे नळ बंद केला की बादली लगेच रिकामी. गंमत म्हणजे मुंबईची लोकल बंद झाल्याने रस्त्यावरचा धूर कमी झाला नाही, कारण ती विजेवर चालते. फरक पडला तो मोटारी, ट्रक आणि बांधकामं थांबल्याने.

पण सगळं श्रेय टाळेबंदीला देता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचा वारा मुंबईची हवा तसाही धुऊन काढतो. शिवाय वुहानसारख्या शहरांत ओझोन उलट वाढला, कारण त्याला खाऊन टाकणारा वाहनांचा धूरच उरला नव्हता.

आणि या निळाईची किंमत? त्याच मोकळ्या मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन माणसं गावाकडे चालत होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर असेच निघाले आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले. धुरांडं थांबलं की हवा सुधारते, पण त्याच्या आधाराने जगणाऱ्याची चूलही थांबते. त्यामुळे "टाळेबंदीच बरी होती" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पुढे २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने ७० मीटरहून उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायला सांगितले. उपाय साधा आहे आणि त्यात कुणाची रोजी जात नाही. २०२० ने आपल्याला इतकंच दाखवलं की शहरातल्या घाणीचा मोठा वाटा आपणच रोज हवेत सोडतो. इथल्या वाळवंटी धुळीपुढे इलाज नाही. मुंबईचं तसं नाही.

असो. आज इथे डोंगर दिसताहेत. तुमच्याकडे?