डॉक्टरांचे ३० तास आणि खुला कोड

२००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला: डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास नवं शिक्षण घ्यावं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामस यांनी 'मूडल'ची पहिली आवृत्ती आणली. ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. कोड खुला, मोफत, हवा तसा बदलून घ्या. डुगियामस लहानपणी वाळवंटी भागात राहायचे, त्यांची शाळा रेडिओवर भरायची. लांबच्या विद्यार्थ्याची अडचण त्यांना ठाऊक होती.

आपल्याकडे मात्र ३० तास म्हणजे बरीच वर्षं शहरातला हॉल, व्याख्यानं आणि अनेकदा औषध कंपनीचं जेवण. तालुक्यातल्या एकट्या डॉक्टरने दवाखाना बंद ठेवून जायचं, मग त्या दिवशी पेशंटने कुठे जायचं?

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने नाक दाबलं, तेव्हा केंद्राने डॉक्टर, नर्स, आशाताईंचं प्रशिक्षण 'दीक्षा'वर आणलं. 'दीक्षा' मुळात शाळा-शिक्षकांसाठीची, 'सनबर्ड' या ओपन सोर्स प्रणालीवर उभी. चाव्या आपल्याच हातात होत्या, म्हणून शाळेचं घर दवाखान्याच्याही कामी आलं.

म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच. कोड फुकट मिळतो, पण सर्व्हर, धडे लिहिणारे आणि ते वेळोवेळी तपासणारे तज्ज्ञ यांना पैसा लागतो. तो सरकारने आणि वैद्यक परिषदांनी नाही दिला, तर कंपन्या देतील. आणि डॉक्टरांनी काय शिकायचं तेही त्याच ठरवतील. त्याचा खर्च शेवटी तुमच्या-माझ्या औषधांच्या बिलातच येणार ना?