वस्त्र, चारित्र्य आणि कायदा : भिवापूर-उमरेड परिसरातील एका खटल्यामागचा इतिहास

१/ नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारच्या उमरेड पोलीस ठाण्याच्या हद्दीत मे २०२३ मध्ये एका रिसॉर्टवर छापा पडला. तोकड्या कपड्यांत सहा स्त्रिया नाचत होत्या आणि पुरुष पाहत होते, असे फिर्यादीत नमूद होते. गुन्हा नोंदला गेला तो अश्लीलतेचा.

२/ त्यासाठी लावलेले कलम २९४ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतले. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य करणे हा त्यानुसार गुन्हा. ‘अश्लील’ म्हणजे नेमके काय, हे मात्र कलमात सांगितलेले नव्हते. ती पोकळी अनेकदा पाहणाऱ्याच्या समजुतीने भरली जाई.

३/ ही समजूत कायद्याहून फार जुनी आहे. स्त्रीच्या नेसण्यावरून तिची जात, तिचा दर्जा आणि तिची ‘अब्रू’ ठरवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. शेतात राबणारी बाई लुगडे वर खोचते ते कामाच्या सोयीसाठी; पाहणारा मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढतो.

४/ डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांसमोर नेमका हाच विषय मांडला. तुमची नेसण्याची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण आहे. ती पुसून टाका आणि सवर्ण स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. कपडे फाटके असले तरी चालतील, पण ते स्वच्छ असावेत, हाही आग्रह होता. स्त्रियांनी तो बदल तातडीने अंगीकारला. पायघोळ नेसणे हा तेथे मर्यादेचा नव्हे, समतेचा दावा होता.

५/ २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून सूट दिली. नाच तोच, पोशाखही तोच; परंतु गरीब स्त्री नाचली की अनीती आणि श्रीमंतांच्या दालनात नाचली की करमणूक! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम ठेवला.

६/ ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावविषयक साचेबंद समजुतींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पारंपरिक नसलेले कपडे घालणारी स्त्री पुरुषांशी शरीरसंबंधास उत्सुक असते, ही समजूत तीत स्पष्ट शब्दांत चुकीची ठरवली आहे.

७/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उमरेडचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आले. न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस यांनी म्हटले की, तोकडे कपडे घालणे किंवा पोलिसांना उत्तेजक वाटेल असे नाचणे एवढ्यानेच अश्लीलता सिद्ध होत नाही. असे कपडे चित्रपटांत व सौंदर्यस्पर्धांत सर्रास दिसतात. शिवाय, नाचामुळे त्रास झाल्याची कोणा नागरिकाची तक्रारच नव्हती. अर्जदारांविरुद्धचा गुन्हा रद्द झाला.

८/ हे अर्जदार म्हणजे नाच पाहणारे पाच पुरुष होते. वस्त्रस्वातंत्र्याचा आधार म्हणून उद्धृत होणारा हा निर्णय प्रेक्षकांच्या अर्जावर झाला. ज्यांच्या कपड्यांची चर्चा झाली, त्या सहा स्त्रियांचे म्हणणे त्यात ऐकू येत नाही. १ जुलै २०२४ पासून ते जुने कलम भारतीय न्याय संहितेत २९६ व्या क्रमांकावर गेले आहे. महाडच्या स्त्रियांनी आपल्या नेसण्याचा अर्थ स्वतः ठरवला होता; उमरेडच्या स्त्रियांसाठी तो आधी पोलिसांनी आणि मग न्यायालयाने ठरवला.