वजनकाट्याला न दिसणारे शरीर

“डॉक्टर, पंधरा वर्षांत माझे वजन दोन किलोसुद्धा वाढलेले नाही. मग साखर कशी वाढली?” हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर वजनकाट्याकडे नाही. काटा फक्त बेरीज सांगतो. त्या बेरजेत चरबी किती, स्नायू किती आणि ती चरबी साठली आहे कुठे, हे तो सांगू शकत नाही. हे मोजण्यासाठी वैद्यकाने केलेल्या खटाटोपाचा इतिहास आज पाहू.

पाण्यातले वजन

बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांनी १९व्या शतकात असे दाखवले की प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १९७२ साली अँसेल कीज यांनी याच सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. आपण ज्याला बीएमआय म्हणतो तो हाच. लोकसमूहांच्या अभ्यासासाठी तो सोयीचा आहे, पण एकेका माणसाच्या बाबतीत तो फसवू शकतो.

वजन कसे फसवते हे त्याआधीच उघड झाले होते. १९४२ साली अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंचे वजन आधी हवेत आणि मग पाण्याखाली घेतले. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि स्नायू जड, त्यामुळे या दोन वजनांतील फरकावरून शरीराची घनता काढता येते. त्या काळच्या उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार २५ पैकी १७ खेळाडू ‘जादा वजनाचे’ आणि लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात चरबी कमी होती आणि वाढलेले वजन स्नायूंचे होते.

पद्धत उत्तम होती, पण आजारी माणसाला पूर्ण श्वास सोडायला लावून पाण्यात बुडवणार कसे? शिवाय चरबी नेमकी कुठे आहे, हे त्यातून कळत नव्हते.

चित्रातले आकडे

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. आपल्याला सीटीचे चित्र करड्या छटांचे दिसते, पण त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००. चरबीचा साधारण उणे १९० ते उणे ३० आणि स्नायूंचा उणे २९ ते अधिक १५०. म्हणजे पाण्यात न बुडवताही चरबी मोजता येणार होती, आणि तीही जागेसकट!

१९८०च्या दशकात जपानमधील ओसाका विद्यापीठात युजी मात्सुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंबीच्या पातळीवरच्या सीटी चित्रात त्वचेखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी वेगवेगळी मोजली. साखरेच्या आणि रक्तातील मेदाच्या बिघाडाशी या आतल्या चरबीचे नाते अधिक घट्ट निघाले.

आपल्या पुण्याचाही या इतिहासात वाटा आहे. २००४ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या फोटोत आहे.

याच्या उलट प्रकार कॅनडातील एडमंटनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवला. त्यांनी कर्करोगाच्या २५० लठ्ठ रुग्णांच्या सीटीमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू मोजले. त्यांपैकी ३८ जणांचे स्नायू फार कमी झाले होते. वरून ते धष्टपुष्ट दिसत होते, पण इतर लठ्ठ रुग्णांच्या मानाने ते कमी काळ जगले. अनेक केमोथेरपी औषधांचा डोस उंची आणि वजनावरून ठरतो, हे लक्षात घेतले की या झाकलेल्या झिजेचे गांभीर्य कळते.

रेघा कोण ओढणार?

मग प्रत्येक सीटीमध्ये हे मोजले का जात नाही? कारण केवळ आकड्यांवरून काम भागत नाही. यकृत, प्लीहा आणि स्नायू यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे प्रशिक्षित माणसाने प्रत्येक चित्रावर हाताने सीमारेषा आखाव्या लागत. गर्दीच्या रुग्णालयात एवढा वेळ कोणाकडे असणार?

ही अडचण डीप लर्निंगने सोडवली. २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात ओलाफ रॉनेबर्गर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘यू-नेट’ ही रचना मांडली. तज्ज्ञांनी आखलेली चित्रे संगणकाला दाखवायची, त्याला स्वतः रेघा ओढू द्यायच्या आणि जिथे चूक होईल तिथे त्याची आतली गणिते थोडी बदलायची. असे हजारो वेळा केले की तो नवीन चित्रावरही रेघा ओढू लागतो. आधी पूर्ण चित्राचा अंदाज घ्यायचा आणि मग एकेक ठिपका ठरवायचा, ही यू-नेटची खुबी.

२०२० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ९,२२३ प्रौढांचे जुने सीटी संगणकाकडून मोजून घेतले. हे स्कॅन आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीसाठी काढलेले होते. त्यांतून स्वयंचलितपणे मोजलेले स्नायू, चरबी आणि महाधमनीतील कॅल्शियम यांवरून पुढील हृदयविकाराचा व मृत्यूचा अंदाज बीएमआयपेक्षा चांगला बांधता आला. पुढे स्वित्झर्लंडमधील बासेलच्या गटाने शरीरातील १०४ रचना ओळखणारी प्रणाली सर्वांसाठी खुली केली.

आपण काय लक्षात ठेवायचे?

संगणकाने नवे काही पाहिलेले नाही. माहिती स्कॅनमध्ये आधीपासून होती, ती वाचायला सवड नव्हती. तोही चुकतो. पोटात पाणी झाले असेल किंवा शिरेतून रंगद्रव्य दिले असेल, तर आकडे बदलतात. शिवाय परदेशी लोकांवरून ठरवलेल्या मर्यादा आपल्याला जशाच्या तशा लागू होतीलच असे नाही.

केवळ चरबी मोजण्यासाठी सीटी करून घेऊ नका, त्यात क्ष-किरणांचा मारा असतो. पण दुसऱ्या कारणाने सीटी झालाच असेल, तर त्याची सीडी जपून ठेवा आणि “यात माझे स्नायू कसे दिसतात?” असे डॉक्टरांना जरूर विचारा. विशेषतः घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि वजन स्थिर असूनही दंड-मांड्या बारीक होत असतील, तर ‘वजन टिकून आहे’ या समाधानात राहू नका. बाकीच्यांसाठी कमरेभोवती धरलेली साधी टेप आजही काट्यापेक्षा जास्त खरे बोलते.