पाव मैलाचा कारागीर

शर्यत म्हटली कीं वळणांचा मार्ग आणि पुष्कळ फेऱ्यांची चुरस आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. अमेरिकेंतील 'ड्रॅग' शर्यतीचें तसें नाहीं. रस्ता सरळ, अंतर अवघें पाव मैल, म्हणजे १३२० फूट. दोन स्वार उभ्या जागेवरून एकदम सुटतात आणि कांहीं सेकंदांत निकाल लागतो. या क्षणभराच्या खेळांत कॅलिफोर्नियांतील 'रस' कॉलिन्स या स्वारानें एक मोठा धडा मागें ठेवला आहे.

१९६९ मध्यें होंडा कंपनीची चार सिलिंडरांची मोटारसायकल बाजारांत आली. कॉलिन्सनें तशीं तीन एंजिनें एकामागें एक जोडून बारा सिलिंडरांचें एक अजस्र वाहन घडविलें आणि त्यास 'ॲचिसन, टोपीका अँड सांता फे' या विख्यात रेल्वेचें नांव दिलें. इंधन पेट्रोलाऐवजीं नायट्रोमीथेन. १९७५ मध्यें या वाहनानें पाव मैल आठ सेकंदांच्या आंत तोडला. तोंवर कोणत्याहि मोटारसायकलीस तें साधलें नव्हतें.

पण पुढच्याच वर्षीं ओहायो राज्यांतील ॲक्रन येथें भीषण अपघात झाला. वाहनाचा चुराडा झाला; स्वारहि जबर जखमी झाला. एखाद्यानें येथेंच हा नाद सोडला असता. कॉलिन्सनें नवें वाहन बांधलें, परंतु एंजिनें वाढविलीं नाहींत, एक कमी केलें. दोन एंजिनें जोडून आठ सिलिंडरांचें केलेलें हें वाहन म्हणजे 'सॉर्सरर', अर्थात् जादूगार. त्यानें ७.३० सेकंदांत पाव मैल कापला. अंतीं वेग ताशीं १९९.५५ मैल! तिघांना जें जमलें नाहीं तें दोघांनीं केलें. कारण उघड आहे: उभ्या जागेवरून निघणाऱ्यास आपलें सारें ओझें स्वतःच ढकलावें लागतें, आणि प्रत्येक जादा एंजिन शक्तीबरोबर वजनहि आणतें.

त्याच्या 'आर. सी. एंजिनिअरिंग' या कारखान्यानें चार सिलिंडरांचा धूर एकाच नळींतून सोडणारी रचना सामान्य स्वारांपर्यंत पोंचविली. टेरी व्हान्स आणि बायरन हाइन्स तेथेंच काम करीत; पुढें त्यांनीं काढलेला कारखाना जगप्रसिद्ध झाला.

कॉलिन्सचे विक्रम केव्हांच मोडले गेले. विक्रमांचें तें प्राक्तनच असतें. परंतु बळ वाढविण्यापूर्वीं भार तपासावा, हा त्याचा धडा मोडणारा स्वार अद्याप निपजलेला नाहीं.