ओढीची वाटणी

आमच्या आजोबांच्या गोठ्यात दोन बैल होते. एक ऐन उमेदीतला, दुसरा उतरणीला लागलेला. नांगराच्या हाळसाला जू बांधताना आजोबा दोराची गाठ जुवाच्या बरोबर मध्यावर कधीच घेत नसत. ती तरुण बैलाच्या बाजूस दोन बोटे सरकवून घेत. लहानपणी आम्हांस तो हात चुकल्याचा प्रकार वाटे. एकदा तसे बोलून दाखविले, तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, "म्हाताऱ्याला हलकं जावं म्हणून." त्या दोन बोटांमागे केवढे शास्त्र आणि केवढा इतिहास आहे, हे मात्र घर सोडून दिल्लीस नोकरीला आल्यावर, सुटीच्या दिवशी ग्रंथालयात अमेरिकन शेतीवरील जुनी पुस्तके चाळताना उमगले.

जुवाखाली दोनच जनावरे असतात तोवर हा प्रश्न दोराच्या एका गाठीने सुटतो. पण एका नांगराला पाच घोडे आणि एका कापणीयंत्राला तीस खेचरे जुंपण्याची वेळ आली तर? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शेतकऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. लाकडी दांड्या, लोखंडी कड्या आणि साखळ्या एवढ्या सामग्रीवर त्याने तो सोडविला, त्याचा हा वृत्तान्त आहे. कामाची समान वाटणी आणि न्याय्य वाटणी ह्यांतला भेद ज्यांना रोज फायलींच्या ढिगाऱ्यात भेटतो, त्या आमच्या वाचकांस तो अगदीच परका वाटू नये.

बैल मानेने जू रेटतो. घोडा खांद्यांनी ओढतो. त्याच्या गळ्यात भरीव कॉलर असते आणि तिच्या दोन्ही अंगांनी दोन पट्टे किंवा साखळ्या मागे ओझ्याकडे जातात. घोडा चालू लागला की त्याचे खांदे आळीपाळीने पुढे येतात. ह्या साखळ्या जर न हलणाऱ्या आडव्या लाकडाला पक्क्या बांधल्या, तर प्रत्येक पावलागणिक सारा भार कधी ह्या तर कधी त्या खांद्यावर पडतो. कॉलर घासत राहते आणि चार दिवसांत खांदा सोलवटून निघतो. म्हणून साखळ्या एका आखूड, सुट्या दांडीच्या दोन टोकांस अडकवितात आणि ती दांडी फक्त मध्यावर ओझ्याला जोडतात. पावलाबरोबर दांडी झुलते आणि दोन्ही खांद्यांवर सारखी ओढ राहते. ह्या दांडीस इंग्रजीत सिंगलट्री किंवा व्हिफलट्री म्हणतात. बाराव्या शतकापर्यंत ती युरोपात रुळली होती. अशा दोन दांड्या एका लांब दांडीच्या टोकांस अडकविल्या की दोन घोड्यांची डबलट्री होते. जनावरांमध्ये ओढ वाटून देणाऱ्या अशा सर्व साधनांना अमेरिकन शेतकरी ईव्हनर, म्हणजे समतोल दांडी, म्हणत असे.

डबलट्रीचे तत्त्व तराजूचेच होय. मधली खीळ हा टेकू आणि दोन घोडे ही दोन पारडी. दोन्ही भुजा सारख्या असतील तर दोघांनाही सारखेच ओढावे लागते. एक घोडा आळस करून कमी ओढू लागला, तर ओझे मुकाट्याने जोडीदाराच्या माथी जात नाही. दांडीच फिरते, आळशी घोड्याचे टोक मागे जाते आणि हाकणाऱ्याच्या डोळ्यांना ते तत्काळ दिसते. दांडी ही अशी वाटणी करणारी आहे आणि साक्षीदारही आहे.

घोड्यांची संख्या वाढण्याचे कारण जमिनीत होते. इलिनॉय आणि आयोवाकडील गवताळ प्रदेशाची माती काळी, चिकट आणि मुळांनी विणलेली. १८३७ साली जॉन डीअर ह्या लोहाराने इलिनॉयमधील ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर घडविला, आणि ती माती फाळाला न चिकटता उलटू लागली. पण बारा इंच रुंदीच्या एका फाळाने एक एकर नांगरावयाचे म्हणजे शेतकऱ्यास सव्वाआठ मैल चालावे लागते. चौदा इंचांचे दोन फाळ एका चौकटीत बसविले, तर तेच अंतर साडेतीन मैलांच्या आसपास येते. जमीन अफाट आणि मजूर दुर्मिळ. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने तर शेतावरची माणसे आणखीच कमी केली. माणूस एकच ठेवून जनावरे वाढविणे, हाच त्यातून मार्ग होता. साधारण दीड हजार पौंड वजनाचा घोडा दिवसभर ताशी अडीच मैल चालत आपल्या वजनाच्या दशांश, म्हणजे दीडशे पौंड ओढ देऊ शकतो. हिशेब केला तर जेम्स वॉटने ठरविलेली एक अश्वशक्ती ती हीच. दोन फाळांच्या नांगराला असे चार ते पाच घोडे लागत.

तीन घोडे जुंपताना पहिली अडचण येते. लांब दांडीच्या एका टोकास दोन घोड्यांची डबलट्री आणि दुसऱ्या टोकास एकटा घोडा असेल, तर खीळ मध्यावर घालून चालत नाही. तसे केल्यास एकट्याला दोघांइतके ओढावे लागेल. म्हणून एकट्याची भुजा जोडीच्या भुजेच्या दुप्पट ठेवतात. पाच घोड्यांसाठी हेच प्रमाण दोनास तीन असे होते. ह्या दांड्या गावचा लोहार आणि सुतार मिळून करीत, आणि त्यांत एक बारकावा होता. खिळीचे भोक आणि टोकांची दोन्ही भोके एका सरळ रेषेत असली पाहिजेत. टोकांची भोके खिळीच्या थोडी पुढे पडली, तर जो घोडा उत्साहाने पाऊलभर पुढे जातो त्याची भुजा आखूड होते आणि त्याच्याच वाट्याला अधिक ओझे येते. ती मागे पडली, तर मागे राहिलेल्याच्या वाट्याला येते. भोक पाडताना इंचभर चूक झाली की दांडी कधी उत्साहाला शिक्षा करी, कधी थकव्याला. बिचाऱ्या जनावरास ह्याचे कारण सांगता येत नसे.

दुसरी अडचण तासाची. नांगरताना उजवीकडचा घोडा आधीच्या तासातून चालतो. चार घोडे एका ओळीत जुंपले की उरलेले तिघे न नांगरलेल्या जमिनीवर पसरतात. त्यांच्या ओढीची मध्यरेषा नांगराच्या मध्यरेषेशी जुळत नाही. नांगर तिरपा ओढला जातो आणि घोड्यांचा बराचसा जोर बाजूच्या घर्षणात वाया जातो. ह्यावर उपाय म्हणजे दोन घोडे पुढे आणि दोन किंवा तीन मागे अशी रचना. परंतु मग पुढच्यांची आणि मागच्यांची बरोबरी कशी साधावी? त्यासाठी पुढच्या जोडीची साखळी मागच्या घोड्यांमधून नांगरापर्यंत आणून तेथे उभ्या तरफेला जोडीत, किंवा एका कप्पीवरून वळवून मागच्या ओळीच्या दांडीस बांधीत. मग पुढचे सुटून जाऊ शकत नसत आणि मागच्यांना अंग चोरता येत नसे.

ह्या कलेची परिसीमा पाहावयाची तर प्रशांत महासागराच्या बाजूस गेले पाहिजे. कॅलिफोर्नियातील गव्हाची शेते विस्तीर्ण, आणि कापणीचा हंगाम कोरडा. कापणी आणि मळणी एकदम करणारे यंत्र तेथे रुजले. स्टॉक्टन गावच्या होल्ट बंधूंच्या कारखान्याने १८८६ पासून अशी यंत्रे बनविली, आणि १८९१ मध्ये डोंगरउतारावरही समतल राहणारे यंत्र काढले. वॉशिंग्टन राज्यातील पलूस प्रदेशाच्या लाटांसारख्या टेकड्यांवर अशा एका यंत्राला तीस-तीस घोडे किंवा खेचरे जुंपीत. हाकणारा यंत्रातून पुढे काढलेल्या शिडीसारख्या उंच आसनावर, जनावरांच्या पाठींच्या वर बसे. त्याच्या हातात लगाम मोजकेच, तेही पुढच्या जनावरांचे. बाकीच्यांची शिस्त दांड्या, साखळ्या आणि कप्प्या ह्यांनी राखावयाची. त्याच्याजवळ खड्यांची एक पेटी असे. दांडीने चाडी केली की त्या आळशाच्या पाठीवर एक खडा नेमका जाऊन पडे.

पण ज्या होल्ट कारखान्याने तीस जनावरांचे हे काम उभे केले, त्यानेच १९०४ साली पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. १९१७ मध्ये फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरविण्यात आली. त्या सुमारास अमेरिकेच्या शेतांवर घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. त्यांच्यावर पैदास करणारे, खोगीर आणि कॉलर शिवणारे, नालबंद, दाणागोटा विकणारे अशा असंख्य लोकांचे पोट होते. १९१९ साली शिकागो येथे हॉर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. वेन डिन्स्मोर तिचे सचिव होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. एक माणूस दोन घोडे हाकतो तोवर ट्रॅक्टर स्वस्त पडेल. पण तोच माणूस आठ किंवा बारा घोडे हाकू लागला, तर शेतातच पिकणाऱ्या ओटवर चालणारी ही शक्ती विकतच्या इंधनाला हार जाणार नाही.

एका माणसाने बारा घोडे हाकण्याची युक्तीही त्यांनी गावोगाव दाखविली. लगाम फक्त पुढच्या जोडीला. बाकी प्रत्येक घोड्याचे म्होरके शेजाऱ्याच्या साजाला बांधलेले, आणि त्याच्या लगामाच्या कडीपासून एक पट्टा मागे ओढीच्या साखळीस नेलेला. घोडा जास्त पुढे धावला की पट्टा ताणून त्याचे तोंड आवरे. मागे रेंगाळला की म्होरके त्याला पुढे ओढी. दांडी ओझे वाटी आणि हे पट्टे चाल वाटीत. पुढे १९२३ मध्ये आयोवातील शेतकी महाविद्यालयाने घोड्यांची ओढ मोजणारे यंत्र सिद्ध केले आणि त्या वर्षीच्या आयोवाच्या राज्यजत्रेत त्यावर स्पर्धा झाली. शतकानुशतके नजरेने जोखलेली ताकद पौंडांत मोजता येऊ लागली.

दैवदुर्विलास असा की, हे शास्त्र परिपूर्ण झाले तेव्हाच त्याची गरज सरत आली होती. १९२४ मध्ये पिकांच्या ओळींतून चालणारा फार्मॉल ट्रॅक्टर आला, आणि घोड्याचे उरलेले राखीव कामही गेले. घोडा काम नसतानाही खातो. त्याच्या चाऱ्यासाठी कोट्यवधी एकर जमीन गुंतलेली होती. ट्रॅक्टर उभा असताना काही मागत नाही. १९५४ साली अमेरिकन शेतांवरील ट्रॅक्टरांची संख्या घोडे आणि खेचरे ह्यांच्या संख्येहून प्रथमच जास्त भरली. १९६० च्या सुमारास ही जनावरे तीस लाखांच्या आसपास उरली. कित्येक घोड्यांची अखेर कत्तलखान्यात झाली. त्यांच्या मालकांपैकी अनेकांनी दांड्या मात्र टाकल्या नाहीत. कोठाराच्या भिंतीला टांगून ठेवल्या. पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायो राज्यांतील आमिश पंथाचे शेतकरी मात्र आजही शेतात घोडेच जुंपतात, आणि त्यांच्या कारखान्यांत नव्या दांड्या तयार होतात.

आणि जेथे घोड्याचा मागमूसही नाही, तेथेही ही दांडी शिल्लक आहे. मोटारीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या पुष्कळशा पात्यांत एकाच दाबाचे अनेक बिंदूंत वाटप करणारी दांड्यांची उतरंड असते. मोठ्या दुर्बिणींचे आरसे वाकू नयेत म्हणून त्यांना खालून देण्यात येणारा आधारही पुष्कळदा ह्याच धर्तीचा असतो. आम्हां कारकुनांना विशेष जवळचे उदाहरण टंकलेखन यंत्राचे. आयबीएम कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या सिलेक्ट्रिक यंत्रात अक्षरांचा गोळा किती वळवावयाचा आणि किती कलवावयाचा, ह्याची बेरीज अशाच दांड्या करीत. अभियंते त्या जुळणीला आजही व्हिफलट्री म्हणतात.

शेवटी एक गोष्ट राहते. छत्तीस इंचांची डबलट्री घ्या आणि तिची खीळ मध्यापासून दोन इंच सशक्त घोड्याकडे सरकवा. तीनशे पौंडांच्या ओढीपैकी आता त्याला एकशे सदुसष्ट पौंड ओढावे लागतील आणि दुबळ्याला एकशे तेहतीस. अमेरिकन शेतकरी आपल्या दांडीत ह्यासाठी मधल्या भोकाशेजारी आणखी एकदोन भोके पाडून ठेवीत असे. शिंगरू नवे असेल, घोडी गाभण असेल, एखादा आजारातून उठला असेल, तर तेवढ्या दिवसांपुरती खीळ बदलावयाची. दांडी जी वाटणी करते ती बिनचूक करते. पण खीळ कोणत्या भोकात घालावयाची, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी जुंपण्यापूर्वी प्रत्येक जनावराच्या खांद्यावरून हात फिरवावा लागतो. आमचे आजोबा तो रोज सकाळी फिरवीत आणि मगच गाठ मारीत.