खाजणातील दोन बेटे

व्हेनिस नगरी पाहावयास गेलेला प्रवासी दोन-चार दिवसांत केव्हातरी उत्तरेकडील धक्क्यावर येतो आणि बेटांची सफर घडविणाऱ्या नावेत बसतो. अर्ध्या दिवसाचा हा फेरफटका. वाटाड्या एकच वाक्य तीन-चार भाषांत म्हणून दाखवितो. विटांच्या भिंतीने वेढलेले सान मिकेले हे दफनभूमीचे बेट मागे पडते, लगेच मुरानो येते, पुढे बरेच पाणी कापल्यावर बुरानो आणि अखेरीस तोर्चेल्लो. मुरानोला काच, बुरानोला लेस, तोर्चेल्लोला पुरातन चर्च, अशी वाटणी ठरून गेलेली आहे. वाटाड्याची विधाने सहसा खोटी नसतात. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखी ती असतात. मुरानोची विद्या राज्याने कायद्याचा कोट बांधून राखली आणि तरीही ती बाहेर गेली. बुरानोची विद्या कोणीच राखली नाही, ती एका वृद्धेच्या बोटांपुरती उरली आणि तेथून पुन्हा वाढली. या दोन हकीकती एकाच नावेतून पाहावयास मिळतात, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यास त्या अर्ध्या दिवसात कोणास सवड नसते.

खाजण हा शब्द कोकण-गोव्याच्या वाचकास परका नाही. भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी चिखलवट, तिच्यातून वाट काढणारे पाण्याचे अरुंद पाट आणि वाट चुकू नये म्हणून रोवलेले लाकडी खांब: व्हेनिसचे खाजण हे असेच आहे, फक्त त्यावर एक साम्राज्य उभे राहिले. साम्राज्य असले तरी शहर लाकडाच्या खुंटांवर उभे, घरे एकमेकांस खेटून. अशा ठिकाणी रात्रंदिवस धगधगणाऱ्या भट्ट्या म्हणजे उशाशी निखारे. इ. स. १२९१ मध्ये व्हेनिसच्या महासभेने शहरातील काचेच्या भट्ट्या मोडून टाकाव्यात असा ठराव केला, तो याच भयाने. वाटाडा येथेच पुस्ती जोडतो की, कारागिरांची गुपिते राखण्यासाठी त्यांना मुरानोवर नेऊन कोंडण्यात आले. ठरावाचा रोख मात्र आगीवर आहे. मुरानोत भट्ट्या त्यापूर्वीच होत्या, आणि लहान भट्ट्यांना घरांपासून अंतर राखण्याच्या अटीवर पुढे शहरात सवलतही मिळाली. गुपिताचा विचार वेगळ्या वाटेने आला. काचकारांच्या श्रेणीचे नियम १२७१ इतके जुने आहेत आणि त्यांत परदेशी मालाला व परक्या कारागिरांना मज्जाव आहे. म्हणजे कोट प्रथम श्रेणीने स्वतःभोवतीच घातला. राज्याने पुढे त्यावर पहारा बसविला. बेटाचा उपयोग असा की, पहारा ठेवणे सोपे झाले. पाण्यापेक्षा चांगली भिंत कोणती?

राखण्याजोगे गुपित मात्र खरोखरच होते. सामान्य वाळूत लोहाचा अंश असतो व त्याने काचेला हिरवट झाक येते. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर या मुरानोच्या कारागिराने (तो १४६० मध्ये वारला) स्फटिकासारखी निर्मळ काच सिद्ध केली. तिला 'क्रिस्ताल्लो' हेच नाव पडले. नदीपात्रातील पांढरे गारगोटे भाजून त्यांचे पीठ करावयाचे. सिरियाकडून येणारी वनस्पतींची राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून तिचा क्षार शुद्ध करावयाचा. उरलेला रंग मारण्यासाठी मँगनीजची पूड बेताने घालावयाची. वाचताना हे सोपे वाटते. पण मँगनीज किंचित अधिक झाले की काच जांभळट होते, आणि तो किंचितपणा वजनाच्या काट्यावर नव्हे, भट्टीसमोर उभ्या असलेल्या उस्तादाच्या डोळ्यांत असतो. लोखंडी फुंकणीच्या टोकावर काचरसाचा गोळा घ्यावयाचा, फुंकावयाचा, फिरवावयाचा, पुन्हा भट्टीत धरावयाचा. शागिर्दाने नेमक्या क्षणी नेमके अवजार पुढे करावयाचे. हे कागदावर लिहिता येत नाही. म्हणूनच व्हेनिसला पुस्तक चोरीस जाण्याची धास्ती नव्हती, माणूस जाण्याची होती.

माणूस जाऊ नये म्हणून दोन उपाय योजले गेले. पहिला मानाचा. सतराव्या शतकाच्या आरंभी मुरानोच्या प्रतिष्ठित घराण्यांची स्वतंत्र 'सुवर्णवही' सिद्ध झाली. आणि उमराव कुळातील पुरुषाने काचकाराची मुलगी केली तरी संततीचे कुलीनत्व अबाधित राहत असे. हाताने काम करणाऱ्यास असा मान त्या काळच्या युरोपात दुर्मीळच होता. आपल्याकडील उत्तम कारागिरासही तो कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. दुसरा उपाय दंडाचा. परवानगीवाचून बाहेर जाऊन भट्टी लावणाऱ्यास दंड, कैद, मागे राहिलेल्या आप्तांस त्रास. पळालेल्यांमागे मारेकरी धाडल्याच्या कथा नावेत फार रंगतात. त्यांतील बऱ्याचशांविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हेनिसने मूठ दोन-तीनशे वर्षे झाकली खरी, पण बोटांच्या फटींतून सारे गळतच होते. जिनोव्हाजवळच्या आल्तारे या गावातील श्रेणीचे धोरण नेमके उलटे होते: तिने आपले काचकार देशोदेशी जाऊ दिले, नव्हे धाडले. मुरानोचे पळालेले आणि आल्तारेचे धाडलेले, या दोघांनी मिळून युरोपभर 'व्हेनिसच्या धर्तीची' काच पसरविली. याकोपो व्हेरझेलिनी हा व्हेनिसचा काचकार लंडनला जाऊन बसला आणि १५७५ मध्ये त्याने एलिझाबेथ राणीकडून अशी काच करण्याचा एकवीस वर्षांचा मक्ताच मिळविला. १६१२ मध्ये आंतोनिओ नेरी या धर्मगुरूने फ्लॉरेन्समध्ये काचविद्येवर ग्रंथ छापला. जे मुरानोत कुजबुजत सांगितले जाई, त्यातील पुष्कळसे आता कोणीही विकत घेऊ शकत होता.

सर्वांत मोठा घाव आरशांवर बसला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये मुरानोचे आरसेकार पैशाने फोडून पॅरिसला आणविले. व्हेनिसमधील फ्रेंच वकिलानेच हे काम गुपचूप पार पाडले. (त्याच १६६५ साली, लहानपणी व्हेनिस सोडून आलेला निकोलाव मनुची हा मिर्झा राजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता आणि तेथे त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. एका व्हेनिसकराच्या जाण्याने राज्याला काडीचे दुःख नव्हते, दुसऱ्यासाठी वकिलाती हलल्या. फरक एवढाच की दुसऱ्याला आरसा करता येत होता.) १६६७ च्या आरंभी पॅरिसमधील या कारागिरांपैकी दोघे थोड्या दिवसांच्या अंतराने मरण पावले. विषप्रयोगाचा संशय आला, सिद्ध काहीच झाले नाही. उरलेल्यांपैकी बरेच जण क्षमा मागून मायदेशी परतले, पण तोवर फ्रेंच हातांनी पाहावयाचे ते पाहून घेतले होते. १६८४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात आरसेमहाल पुरा झाला. त्यातील ३५७ आरसे फ्रान्सचे होते.

पुढे इंग्लंडची शिसे घातलेली काच आणि बोहेमियाची जाड, कोरीव काच बाजारात आली, आणि मुरानोची नाजूक काच जुनी वाटू लागली. आता चोरी उलट्या दिशेने झाली. जुझेप्पे ब्रियाती नावाचा मुरानोकर बोहेमियातील एका कारखान्यात हमालाच्या वेशात राहून तेथील विद्या शिकून आला, असे सांगतात. १७३९ मध्ये, शेजाऱ्यांच्या मत्सराला कंटाळून, त्याने आपली भट्टी मुरानोतून हलवून व्हेनिस शहरात नेण्याची परवानगी मिळविली. १२९१ चा ठराव ज्या भयाने झाला त्याच्या उलट भयाने हे घडले. १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक बुडविले, मागोमाग श्रेणीही मोडली. राखणदार गेला आणि राखण्यासारखेही फारसे उरले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मुरानो पुन्हा उठले ते मूठ उघडून. आबाते व्हिंचेंत्सो झानेत्ती या धर्मगुरूने १८६१ मध्ये जुन्या काचेचा संग्रह उभारला, तो कारागिरांना पाहून शिकता यावे म्हणून. आंतोनिओ साल्व्हियाती या वकिलाने मोझेइकचा धंदा नव्याने काढला आणि काचेच्या व रंगीत तुकड्यांच्या कामाची व्हेनिसची कीर्ती पुन्हा देशोदेशी पोहोचली. १८९० मध्ये पुऱ्या झालेल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील दरबार महालाची जमीन व्हेनिशियन मोझेइकची आहे. ज्या बडोदेकर वाचकांनी ती पाहिली असेल त्यांना या चळवळीची लाट आपल्या उंबऱ्यापर्यंत आल्याचे जाणवेल.

आज नाव धक्क्याला लागते, प्रवासी बाकांवर बसतात, उस्ताद काही मिनिटांत काचेचा घोडा उभा करतो, टाळ्या पडतात, आणि सर्वांना दुकानातून बाहेर काढले जाते. या खेळाचा मला राग येत नाही. घोडा करणारा हात खराच असतो. राग येतो तो बाहेरच्या गाळ्यांत मुरानोच्या नावाने विकल्या जाणाऱ्या परदेशी मालाचा. त्याला आळा बसावा म्हणून १९९४ मध्ये प्रांतिक कायद्याने बेटाच्या काचेला अधिकृत मुद्रा मिळाली. २०२० मध्ये काचेच्या मण्यांची कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली. पाठोपाठ वायुइंधनाचे दर असे भडकले की, एरवी अहोरात्र पेटत्या राहणाऱ्या भट्ट्यांपैकी काही विझवाव्या लागल्या. सातशे वर्षांपूर्वी आगीला भ्यालेल्या या भूमीत २०२२ मध्ये आग विझण्याचे भय होते.

बुरानोला पोहोचेपर्यंत निम्मी मंडळी पेंगुळलेली असतात. मग एकदम भडक रंगांची घरे दिसतात आणि सारे उठून बसतात. हे कोळ्यांचे बेट. पुरुष जाळी टाकीत आणि बायका सुईने जाळीच विणीत. येथील लेस केवळ सुई-दोऱ्याची. कागदावर आकृती काढून तो कापडावर टाचावयाचा, रेषांवरून जाड दोरा धावता घालावयाचा आणि मग त्या दोऱ्याच्या आधाराने टाका टाकीत मधली पोकळी भरावयाची. शेवटी खालचे कापड कापून वेगळे करावयाचे. मागे कापड नाही, ताणा-बाणा नाही, नुसता टाका टाक्याला धरून राहतो. म्हणून या कामाला 'हवेतील टाका' असे नाव आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोजची पत्नी मोरोसीना मोरोसीनी हिने व्हेनिसमध्ये १३० स्त्रियांचे लेसकेंद्र चालविले होते. कोल्बेरने आरशांप्रमाणे लेसवरही डोळा ठेवला आणि व्हेनिसच्या विणकरणींना फ्रान्सला नेले. पण त्यांच्यासाठी सुवर्णवही कोणी उघडली नव्हती, की त्यांच्या जाण्याने राज्यात मोठी खळबळ झाली नाही. आरसा उस्तादाच्या नावाने विकला जातो. लेसवर विणणारीचे नाव नसते. एका तुकड्यावर सात जणींचा हात फिरतो, प्रत्येकीचा टाका निराळा.

प्रजासत्ताक बुडाल्यानंतर ही कला आटत गेली. १८७२ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात खाजण गोठले, मासेमारी थांबली आणि बुरानोत उपासमार सुरू झाली. मदत गोळा करणाऱ्यांपैकी काउंटेस आंद्रियाना मार्चेल्लो आणि पाओलो फांब्री यांच्या मनात आले की, धान्य वाटण्यापेक्षा लेस पुन्हा सुरू करावी. शोध घेता जुना टाका जाणणारी एकच वृद्धा उरलेली आढळली, व्हिंचेंत्सा मेमो. गावात तिला चेंचा स्कारपारियोला म्हणत. तिला टाका येत होता, पण सांगता येत नव्हता. उपाय काढला तो अन्ना बेलोरियो द'एस्ते या शिक्षिकेने: ती चेंचाशेजारी बसून नुसती तिची बोटे पाहत राही, मग तेच स्वतः करून पाही आणि मग इतर मुलींना दाखवी. आरंभी मुली होत्या अवघ्या आठ. पुढे त्या शेकड्यांनी झाल्या आणि ही शाळा १९७० पर्यंत चालली. तिचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: मजुरी बेताची होती आणि डोळ्यांची किंमत मोजावी लागे. बेटावरील मुलींनी पुढे दुसरे काम पत्करले याबद्दल हळहळणाऱ्यांनी आधी तासभर तरी ती सुई धरून पाहावी. १९८१ पासून शाळेच्या जागी लेसचे संग्रहालय आहे.

तोर्चेल्लोला नाव थोडाच वेळ थांबते. इ. स. ६३९ मध्ये स्थापन झालेले चर्च आणि त्याच्या भिंतींवरील मोझेइक पाहून लोक परततात. एके काळी हे बेट गजबजलेले होते. पाट गाळाने भरले, हिवताप पसरला, वस्ती गेली. १९६१-६२ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जमिनीखाली काचेच्या भट्टीचे अवशेष मिळाले. ते सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले गेले, म्हणजे मुरानोच्या ठरावापूर्वी कित्येक शतकांचे. नावेतील वाटाड्या परतीच्या वाटेवर बहुधा गप्प असतो.