धारवाडचा अर्ज : शाळेनं 'नाही' म्हटल्यावर काय होतं?

ज्यांना लोकलमध्ये ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात घरच्या गोष्टीपासून. माझा मामेभाऊ यंदा दहावी झाला. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात त्याला सहाव्या पसंतीचं कॉलेज लागलं. मार्क तर तिसऱ्या पसंतीच्या कट-ऑफपेक्षा जास्त होते. मामीचा फोन आला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ की जरा." मी पोर्टलवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बस्स. कारण नाही, काही नाही.

खरं सांगू? मी स्वतः ऑफिसात अशीच तिकिटं बंद करतो. कुणीतरी बग नोंदवतो, मी 'हे असंच चालायचं' असा शेरा मारून मोकळा होतो. त्या रात्री पहिल्यांदा समोरच्या बाजूला बसलो. आणि मला १८५६ सालचं एक 'तिकीट' आठवलं. आजचा भाग त्याचाच.

गाव धारवाड. आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. जून १८५६. एका महार मुलाच्या वतीनं मुंबई सरकारकडे अर्ज गेला. तक्रार सरळ होती : ठरलेली फी भरायला तयार असूनही मला धारवाडच्या सरकारी शाळेत घेत नाहीत. सरकारी कागदांत तो फक्त 'महार मुलगा' म्हणून येतो.

आता काळ लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला होता. शिक्षण सामान्य लोकांपर्यंत न्यायचं, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी एक तत्त्वही लिहून ठेवलं होतं : केवळ जातीच्या कारणावरून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारायचा नाही. म्हणजे नियम नव्हता, असं नाही. नियम होता. तो कुणी वापरून पाहिला नव्हता, एवढंच. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर डॉक्युमेंटमध्ये होतं, टेस्ट कुणी केलं नव्हतं. धारवाडच्या मुलानं ते टेस्ट केलं.

मुंबई सरकारनं २१ जुलै १८५६ ला ठराव करून उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा : न्याय म्हणून पाहिलं तर अर्जदाराची बाजू खरी आहे. पण ही अडचण सरकारनं निर्माण केलेली नाही. शतकानुशतकांचे समज आहेत. एका मुलासाठी सरकारनं हात घातला, तर बाकीचे शाळा सोडतील आणि बहुसंख्य लोकांसाठी ती शाळाच निरुपयोगी होईल. म्हणून आम्ही मध्ये पडू शकत नाही.

परत वाचा हवं तर. 'तुझं बरोबर आहे, पण नाही.' बग मान्य, दुरुस्ती नाही. तिकीट बंद.

पण प्रकरण तिथे थांबलं नाही. ते कलकत्त्याला, हिंदुस्थान सरकारकडे गेलं. जानेवारी १८५७ मध्ये तिकडून आलेलं उत्तर मजेशीर आहे : मुंबई सरकारनं बहुधा शहाणपणाच केला असेल, पण बंगाल इलाख्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला नाकारलं गेलं नसतं! सरकारी भाषेतली ही चांगलीच कानउघाडणी होती. पुढे प्रकरण लंडनला पोचलं आणि संचालकांनी आपलं जुनं तत्त्व पुन्हा सांगितलं. १८६३ मध्ये भारतमंत्र्यांनी तेच सांगितलं. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगानं आपल्या शिफारशींत तेच तत्त्व परत मांडलं. फक्त शेपूट जोडलं : अंमलबजावणी सांभाळून करा.

या 'सांभाळून'मध्येच सगळी ग्यानबाची मेख आहे. कारण त्याच आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. महार-मांगांची मुलं वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू शकत नाहीत, म्हणून ती शाळांबाहेरच राहतात, त्यांच्यासाठी काढलेल्या वेगळ्या शाळा मोठ्या शहरांतच आहेत, हे त्यांनी मांडलं. कागदावर दार उघडं, गावात दार बंद.

पुढे जाऊ. ७ नोव्हेंबर १९००, सातारा. भीमराव नावाच्या मुलाचं नाव सरकारी हायस्कूलच्या इंग्रजी पहिलीत दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आपण 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतो. धारवाडनंतर ४४ वर्षांनी दार उघडलं होतं खरं, पण साताऱ्यात शिकताना बसायला वेगळं गोणपाट, तेही घरून न्यायचं-आणायचं, आणि शिपायानं नळ उघडला तरच पाणी. प्रवेश मिळणं आणि वर्गात सामावून घेतलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सरकारी शाळाही त्यात होत्या. म्हणजे १८५४ चं तत्त्व ६९ वर्षांनी परत मंजूर करावं लागलं!

आणि आता माझा आवडता भाग. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. त्यात धारवाडचं हे प्रकरण पुरावा म्हणून मांडलेलं आहे. ज्या ठरावानं त्या मुलाला बाहेर ठेवलं, तोच ठराव ७२ वर्षांनी सरकारच्याच विरोधात साक्ष द्यायला उभा राहिला. का? कारण अर्ज लेखी होता, म्हणून नकारही लेखी द्यावा लागला. आणि नकार लेखी होता, म्हणून सरकारच्या तोंडची कबुली कागदावर राहिली : न्याय तुमच्या बाजूला आहे.

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली. तिचं कलम २९(२) उघडून बघा. सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. यात 'सांभाळून' नाही. शेपूट कापलं.

त्या मुलाला याचा उपयोग झाला का? नाही. १८५६ चा तो ठराव त्याच्या विरोधातच गेला. 'शेवटी न्याय मिळाला' असं म्हणून आपण मोकळे होऊ नये. न्याय मिळाला तो दुसऱ्यांना, खूप उशिरा, आणि किंमत त्यानं मोजली.

माझ्या मामेभावाचं दुखणं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं. पण धारवाडनं एक गोष्ट शिकवली : नकार मिळाला तर कारण लेखी मागायचं. मामा आणि मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, कार्यालयात दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. आठवड्यानं लेखी कारण आलं. चूक कुणाची निघाली माहितेय? माझी! फॉर्म भरताना प्रवर्गाचा पर्याय मीच चुकीचा निवडला होता. मामी अजून ऐकवते. पण कारण कळलं म्हणून पुढच्या फेरीआधी फॉर्म दुरुस्त करता आला.

तुमच्या घरी पहिली ते आठवीतलं मूल असेल, तर लक्षात ठेवा : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.

आणि हो, सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी बंद केलेली जुनी तिकिटं उघडली. प्रत्येकाखाली कारण लिहिलं. तीन परत सुरू करावी लागली.

भेटू पुढच्या भागात. पोच घ्यायला विसरू नका!